सात नंबरचा डबा

१

रविवारी भर दुपारी, चालत्या आकाशपाळण्यावरून, सात नंबरचा डबा निखळून खाली आला.

आधी तो एका अंगाला कलला, क्षणभर तसाच लोंबकळला आणि मग खालच्या जास्वंदीच्या वाफ्यात आपटला. आवाज थेट आंबिवली स्टेशनपर्यंत गेला, असं नंतर लोक सांगत होते. डब्यात कुणी नव्हतं. खालूनही कुणी जात नव्हतं. उडालेला पत्रा लागून एका बाईचा हात खरचटला, तेवढंच. पण वरच्या डब्यांत बाळकुमच्या महिला मंडळाच्या बायका अडकल्या होत्या. त्यांना उतरवून घेईपर्यंत उठलेल्या किंकाळ्या कुणीतरी मोबाइलवर टिपल्या आणि संध्याकाळच्या आत तो व्हिडिओ कल्याण-डोंबिवलीभर फिरला.

सोमवारी सकाळी नवलपुरी पार्कमधल्या कामगारांच्या पिशव्या तपासल्या. पाळण्याचा मेस्त्री गोविंदा शेलार याच्या पिशवीत लोखंडी पिनेचे दोन तुकडे निघाले. मधोमध करवतीनं कापलेले. सोबत करवतीचं पातं. सात नंबरचा डबा ज्या दोन पिनांवर लटकत होता, त्यातली उजवीकडची पिन अपघाताच्या जागी कुणालाच सापडली नव्हती. ती ही अशी सापडली. पोलिस गोविंदाला घेऊन गेले.

मंगळवारी सकाळी शकुंतला केणे ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये उत्तरा आंबेरकरच्या ऑफिसात येऊन बसली.

उत्तरा यंत्रांच्या अपघातांची तपासणी करायची. लिफ्ट, क्रेन, कारखान्यातले प्रेस, काहीही. वडिलांची इथेच लेथची शेड होती. लोखंडाच्या किसाच्या वासात ती लहानाची मोठी झाली आणि पुढे इंजिनिअर होऊन त्याच गल्लीत ऑफिस थाटलं. पन्नाशीला टेकली तरी एका जागी बसणं तिला जमत नसे. समोरचा माणूस बोलायला लागला की ही खिडकी ते दरवाजा फेऱ्या मारणार. लोकांना ते खटकायचं. शकूला मात्र खटकलेलं दिसलं नाही, कारण ती स्वतःच खुर्चीच्या कडेवर बसून पर्सचा पट्टा पिळत होती.

"नवलपुरी माझ्या बाबांनी आमच्या भातशेतीवर उभी केली," ती म्हणाली. "आंबिवलीत तेव्हा काय होतं? आता मॉलमध्ये एसीत गेम्स मिळतात, रिसॉर्टं झाली, आमच्याकडे कोण येतंय? पाळण्यासाठी येतात. त्या पाळण्यावर पार्क उभं आहे, मॅडम. गुरुवारी परवान्याची माणसं येतायत. त्याच्या आत तुमचा अहवाल हवा."

"काय म्हणायला हवंय अहवालानं?"

"खरं ते. पाळणा पडला नाही, पाडलाय."

"गोविंदानं?"

"गोविंदानं हात चालवला असेल. करवणारा दुसरा." शकूनं पर्स घट्ट धरली. "मी सकाळपासून गेटवर होते, बायकांची बस येईपर्यंत. पाळण्याकडे फिरकलेही नाही. पण माझा भाऊ प्रफुल्ल तिथेच होता. बिल्डरच्या माणसांना घेऊन."

२

नवलपुरी मंगळवारी बंद होती. घोडे, बदकं, छोटी आगगाडी, सगळं ताडपत्रीखाली झाकलेलं. पलीकडे काळू नदीच्या बाजूनं वारा सुटला होता आणि त्यानं पाळण्याचे उरलेले डबे किरकिरत हलत होते. उत्तरानं मान वर केली आणि लगेच खाली घातली. कधी एकदा इथून बाहेर पडते असं तिला झालं. कारण मात्र सांगता आलं नसतं.

पाळणा चालवणारी निशा तिशीची होती. टिटवाळ्याहून येऊन-जाऊन करायची. रविवारपासून तिला झोप नव्हती, डोळे सुजलेले दिसत होते.

"मी कुणाला बसवलंच नाही सात नंबरात," उत्तरानं विचारायच्या आतच ती म्हणाली. "पाटी होती ना. ओला रंग, बसू नये. नाहीतर मॅडम, त्या दिवशी दोन बायका तरी..."

"पाटी कुणी लावली?"

"काय माहीत. सकाळी मी आले तेव्हा नव्हती. आजोबा बसले होते त्यात, काळुराम आजोबा, शकूताईंचे वडील. रोज पहिल्या दोन फेऱ्या त्यांच्या, सात नंबरातच. त्या दिवशी एकातच उतरले. चहा पण नाही घेतला, तसेच ऑफिसकडे गेले. मग मला ताईंनी सांगितलं, गेटवर जा, बस आली की बायकांना घेऊन ये. मी गेलेले. परत येते तर पाटी लटकतेय."

"ताईंनी कुठून सांगितलं? गेटवरून?"

"फोन केलेला." निशा जरा थांबली. "गेटवर त्या दिसल्या नाहीत मला. पण ताई काय एका जागी थोड्याच असतात. मॅनेजर हितेश सर मोबाइलवर शूटिंग करत होते, प्रफुल्लदादा त्या सुटातल्या लोकांना फिरवत होते. गडबड होती नुसती."

पडलेला डबा वाफ्यातच होता. पोलिसांनी त्याच्याभोवती दोरी बांधली होती. उत्तरा दोरीखालून आत गेली. डावीकडची पिन जागेवर होती, वाकून धनुष्यासारखी झालेली. उजवीकडचं भोक रिकामं. पाटी दाराच्या कडीला अजून अडकलेली होती. पाठ दुखेपर्यंत वाकून तिनं सीट तपासली, दांडे, पत्रा, दाराची आतली बाजू तपासली. मग रुमाल काढून सगळीकडे घासला.

रुमालाला धूळ लागली. पोपटी रंगाचे जुने पापुद्रे लागले. ओल्या रंगाचा ठिपका नव्हता, रंगाचा वासही नव्हता.

"निशा, हा डबा शेवटचा रंगवला कधी?"

"मागच्या दिवाळीच्या आधी. का हो?"

उत्तरा उभी राहिली. म्हणजे डबा रंगवलेला नव्हताच. तरीही, तो पडणार हे कुणाला तरी पडायच्या आधी माहीत होतं.

३

मॅनेजर हितेश राऊळ डोंबिवलीचा. बोलताना सारखा फोन बघत होता. पिशव्या तपासायला त्याला शकूताईंनीच सांगितलं, आणि पिन त्याच्याच हाताला लागली, हे त्यानं न विचारताच सांगून टाकलं.

"रंग लावायला तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"रंगाला पैसे कुठेत? पाट्या तेवढ्या पडून आहेत, त्या शेडमध्ये, वर्कशॉपच्या मागे. कुणीही उचलेल."

"तुम्ही नोकरी सोडताय असं ऐकलं."

तो चपापला. "ठाण्याला मॉलमध्ये गेम झोन निघतोय, तिथे बोलणं चाललंय. म्हणून काय मी पाळणा पाडणार? उलट रविवार नीट पार पडावा म्हणून मी मरत होतो. संध्याकाळी नाशिकची पार्टी येणार होती. पार्क चालवायला घ्यायचं त्यांच्या मनात होतं. चालू पाळणा, गर्दी, हे बघायचं होतं त्यांना. तो शेवटचा चान्स होता, मॅडम. ताईंनी महिला मंडळाला अर्ध्या तिकिटात बोलावलं होतं ते त्याचसाठी."

"आणि पार्टी?"

"व्हिडिओ बघितला आणि गाडी शहाडवरूनच वळवली."

प्रफुल्ल केणे पार्कच्या मागे, नदीकाठच्या बांधावर भेटला. शकूपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, अंगानं दणकट. बहिणीनं काय सांगितलं असेल हे त्याला ठाऊक होतं.

"हो, मला जमीन विकायची आहे," तो म्हणाला. "लपवून काय करू? आजूबाजूला टॉवर चढतायत आणि आम्ही बदकांना तेल घालत बसलोय. शकूला ते कळत नाही. आमचं भांडण आख्ख्या गावाला माहीत आहे. पण मी त्या पाळण्यात वाढलोय, बाई. माझी पोरं त्यात वाढली. मी त्याची पिन कापीन?"

"अपघात झाल्यावर तुम्ही कुठे होतात?"

"त्या बाईच्या हाताला लागलं होतं. औषधाची पेटी आणायला वर्कशॉपकडे गेलो."

"आणली?"

प्रफुल्लनं नदीकडे तोंड फिरवलं. "नाही. दार बंद होतं."

"कुलूप?"

"बंद होतं म्हणालो ना." त्याचा आवाज एकदम चढला. "झालं तुमचं? मला कल्याणला जायचंय."

तो तरातरा निघून गेला. उत्तरा त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. दार लोटून बघितलं की नाही, हे एवढं साधं सांगताना माणूस का चिडावा?

काळुराम केणे ऑफिसच्या पायरीवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, डोक्याला पांढरी टोपी, गुडघ्यांवर रापलेले हात. उत्तरा त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि पहिल्यांदाच जरा स्वस्थ राहिली.

"आजोबा, रविवारी दुसरी फेरी का नाही घेतलीत?"

"चक्कर आली जराशी."

"चक्कर आलेला माणूस चहा टाळून ऑफिसकडे चालत जातो?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे निरखून बघितलं. "तू पोलीस हायस क?"

"नाही. शकूताईंनीच बोलावलंय मला."

"तिनं बोलावला?" त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "मंग तिलाच विचार पोरी. मना काय ठावं नाय."

४

बुधवारी सकाळी पोलिस चौकीत गोविंदा बाकावर बसून होता. दाढी वाढलेली, शर्टाची वरची गुंडी तुटलेली. फौजदारानं उत्तराला दहा मिनिटं दिली, त्यातली पहिली काही तो नुसताच रडला.

"शनिवारी संध्याकाळी सगळ्या पिना बघितल्यात?"

"बघितल्या. म्हणजे... बाहेरनं बघतो आपण. टोपण जागेवर आहे, पिन हालत नाही, झालं. उघडून नाय बघितल्या."

"उघडून शेवटच्या कधी बघितल्या?"

गोविंदानं मान खाली घातली. तिनं पुढचा प्रश्न काढला.

"तुम्हाला पिन कापायचीच असती, तर तुकडे पिशवीत ठेवले असते का?"

"शेजारी नदी आहे ना ताई," तो हताशपणे म्हणाला. "मी येडा आहे का?"

फौजदारानं प्लास्टिकच्या पिशवीतले तुकडे दाखवले. उत्तरानं ते उजेडात फिरवून फिरवून बघितले. कापलेल्या दोन्ही तोंडांवर करवतीच्या बारीक रेघा होत्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सरळ. एका टोकाला पिवळट ग्रीस चिकटलेलं होतं. नवी पिन कागदात गुंडाळून येते, तेव्हा गंजू नये म्हणून तसलं लावलेलं असतं. तिनं अंगठा पिनेवरून फिरवला. अंग गुळगुळीत, कुठे खाच नाही, ओरखडा नाही.

ती इतक्या झटक्यात उठली की फौजदारानं चहाचा कप सावरला.

"काय झालं?"

"अजून काही नाही. मला बाळकुमला जायचंय."

बाळकुममध्ये जिथे कधीकाळी भाताची खाचरं होती तिथे आता टॉवर होते, आणि त्यातल्याच एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर, हाताला पट्टी बांधून, महिला मंडळाच्या हौसाबाई तरे बसल्या होत्या. जमीन गेली, फ्लॅट आला, पण बाईंचा खणखणीत आवाज काही गेला नव्हता.

"मी सातातच बसाला निंगाली होती," त्या म्हणाल्या. "नातीला घेऊन."

"पाटी नाही बघितलीत?"

"पाटी बगून काय करू? मना वाचाला कुठं येतंय? मी पाय टाकला आत, न ती बाय धावत आली. माझा हात धरला न मना वडलाच मागं. 'मावशी, यात नको, पुढच्यात बसा.' हात निस्ता गार पडला होता तिचा. मी बोल्ली, अगो बाय, रंग लागला तं लागला, लुगडा धुता येतंय. तं ती रडाच्या घाईला आली."

"कोण बाई? पाळणा चालवते ती?"

"नाय गो. ती तं यंत्रापाशी होती, तिची पाठ होती आमच्याकडं." हौसाबाईंनी नातीचा फोन मागवला, तो सगळीकडे फिरलेला व्हिडिओ लावला आणि बोट ठेवलं. व्हिडिओत घाबरलेल्या बायकांना पाणी देत एक बाई फिरत होती. "ही बग. हीच ती."

उत्तरानं फोन डोळ्यांजवळ नेला. ती शकू होती.

५

दुपारी सगळी पार्कच्या वर्कशॉपमध्ये जमली. शकू, प्रफुल्ल, हितेश, निशा. काळुराम दाराजवळ लाकडी खोक्यावर टेकले. फौजदारही आला, गोविंदाला सोबत घेऊन. शकूनं गोविंदाकडे बघितलं नाही.

उत्तरानं छताच्या साखळीला दोन लोखंडी कड्या अडकवल्या होत्या. त्यांतून एक आडवी पिन घातली होती, आणि पिनेच्या मधोमध भंगारानं भरलेला पिंप टांगला होता. पिन पार्कच्याच कपाटातली, नवी, कागदातून काढलेली.

"मागे सरा," ती म्हणाली आणि करवत चालवायला लागली.

लोखंडाचा कीस जमिनीवर पडत राहिला. तिच्या कपाळावर घाम आला. निशा मदतीला पुढे झाली तर तिनं हातानंच थांबवलं. पिन अर्ध्याहून बरीच कापली गेली आणि मग अचानक, करवत अजून मधेच असताना, पिन वाकली. उरलेला भाग चर्रकन फाटला आणि पिंप धाडकन खाली आदळला. काळुरामांनी डोळे मिटून घेतले.

उत्तरानं तुकडा उचलून सगळ्यांसमोर धरला. कापलेला भाग चकचकीत, सरळ. उरलेला खडबडीत, ओढला गेलेला, कडेला शेपटासारखा वाकलेला.

"वजन लटकत असताना पिन कापली की ती अशी तुटते. शेवटचा भाग कापला जात नाही, फाटतो. गोविंदाच्या पिशवीतली पिन आरपार कापलेली आहे, सरळ. ती कापताना तिच्यावर कसलंच वजन नव्हतं. म्हणजे ती पाळण्यावर कापलेली नाही. पकडीत धरून, निवांतपणे, टेबलावर कापलेली आहे. शिवाय ती पाळण्याला कधी लागलेलीच नाही. वर्षानुवर्षं डबा झुलवणाऱ्या पिनेला खाच पडते. हिला खाच नाही, उलट नव्या पिनेचं ग्रीस आहे."

"मग पाळण्यावरची खरी पिन कुठे गेली?" फौजदारानं विचारलं.

"ती तुटली. झिजून, आपली आपणच. पाळणा कुणी पाडला नाही. तो पडला."

हितेशनं तोंडावर हात ठेवला. गोविंदा भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला.

उत्तराचे पाय आता चालायला लागले होते. टेबलापासून दारापर्यंत, दारापासून टेबलापर्यंत.

"गेले दोन दिवस आपण सगळे एकच विचारतोय, पाळणा पाडण्यात कुणाचा फायदा? म्हणून प्रफुल्लवर संशय. पण पाळणा पाडलेलाच नाही. तर विचारायचं असं, की तो पाडला असं ठरण्यात कुणाचा फायदा? प्रफुल्लचा नाही. साधा अपघात झाला असता तर परवाना गेला असता, पार्क बंद, जमीन मोकळी. त्यानं गप्प बसायचं होतं फक्त. हितेशचा नाही, तो निघालाच आहे. गोविंदा स्वतःच्या पिशवीत पुरावा ठेवणार नाही. मग उरतं कोण? ज्याला पाळणा निर्दोष ठरायला हवा होता, असा माणूस. पाळण्याला दुष्मन होता, बाकी पाळणा ठणठणीत आहे, हे ज्याला गुरुवारच्या आत कागदावर हवं होतं."

"हे तुम्ही काय बोलताय?" शकूचा आवाज पातळ झाला होता. "मी तुम्हाला बोलावलं. मी!"

"हो. आणि रविवारी गेटवर होते म्हणालात. तुमच्याच फोनवरून निशा पाळण्यापासून लांब गेली, ती परत येईपर्यंत पाटी लागली. त्या डब्याला रंगाचं बोटसुद्धा लागलेलं नाही. आणि हौसाबाई तरे त्या डब्यात पाय टाकत होत्या, तेव्हा त्यांना हात धरून कुणी ओढलं, ते त्यांनी मला व्हिडिओत दाखवलं. रंगासाठी कुणी रडवेलं होत नाही, ताई. डबा पडेल हे तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला कुणी सांगितलं, तेवढंच मला..."

"मी सांगतला." काळुराम खोक्यावरून उठायचा प्रयत्न करत होते. निशानं त्यांना धरलं. "सकाली मी बसलो होतो. उजव्या अंगाला कट कट वाजत होता, वर गेला का डबा सरकं. मी उतरलो न तिला सांगतला, पालना बंद कर. ती बोल्ली, बाबा, आजचा दीस जाव दे."

शकूनं बापाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं अवसान एकदम उतरलं.

"एकच दिवस," ती म्हणाली. "संध्याकाळी नाशिकचे लोक आले असते, पाळणा फिरताना बघितला असता, मग मी उद्याच बंद करून सगळं दुरुस्त करणार होते. मी त्या डब्यात कुणाला बसू दिलं नाही. खाली वाफ्याजवळ कुणी थांबतंय का ते मी बघत होते. सगळा वेळ बघत होते."

"बाकीच्या डब्यांत बायका होत्या."

"बाकीचे वाजत नव्हते!" ती ओरडली, आणि त्या ओरडण्याचा अर्थ तिचा तिलाच ऐकू आला असावा. पर्स उघडून तिनं रुमालात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. तुटलेली पिन होती. मधे झिजून झिजून करंगळीएवढी उरलेली, तुटलेल्या जागी गंजानं काळी पडलेली. "डबा पडल्यावर गडबडीत मी ती उचलली. फेकवली नाही. दोनदा नदीपर्यंत जाऊन आले."

"गोविंदाच्याच पिशवीत का?" हे उत्तरानं नाही, प्रफुल्लनं विचारलं.

"त्याची पिशवी इथेच टेबलाखाली होती. मला दुसरं काही सुचलं नाही. मला वाटलं, तुझं नाव पुढे आलं की ते त्याला सोडतील, तुला तर काही होणार नाही, तू सुटशील..."

"मला रविवारीच कळलं होतं," प्रफुल्ल म्हणाला. "पेटी आणायला आलो तेव्हा आत करवत चालू होती. दाराच्या फटीतून तू दिसलीस. मी दार लोटलं नाही. सोमवारी पिन निघाली तेव्हा समजलं, काय चाललं होतं ते. तू माझं नाव घेतेयस हेही कळलं. तरी बोललो नाही. म्हटलं, माझी बहीण आहे, होईल काहीतरी." तो गोविंदाकडे वळला, पण त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू शकला नाही.

गोविंदा जमिनीवरूनच म्हणाला, "तीन दिवस, दादा. माझी बायको तीन दिवस चौकीच्या बाहेर बसून होती."

निशानं त्याला उठायला हात दिला.

फौजदारानं वही बंद केली. शकू न सांगताच दाराकडे निघाली. प्रफुल्लनं गाडीची किल्ली काढली. "मी सोडतो," तो म्हणाला, आणि ती नको म्हणाली तरी तिच्या मागोमाग गेला.

६

गुरुवारी परवान्याची माणसं आली. उत्तरानं अहवालात घडलं ते लिहिलं होतं, एकही वाक्य मऊ न करता. पाळण्याला सील ठोकलं, आणि बाकीच्या पिना उघडून दाखवा असं फर्मान निघालं.

शकूला आदल्या दिवशी जबाब घेऊन घरी सोडलं होतं. खोटा पुरावा ठेवल्याची केस उभी राहणार हे तिला सांगून झालं होतं. ती आली, प्रफुल्लही आला. पिना उघडायला कुणाला बोलवायचं हा प्रश्न पडला असताना गोविंदा गेटातून आत आला. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. कुणाशी न बोलता त्यानं पाना घेतला आणि शिडी लावली.

"ताईंना इथं खाली उभं राहायला सांगा," तो उत्तराला म्हणाला. "मला पण बघायचंय मी काय बघत नव्हतो ते. त्यांनी पण बघावं."

एकेक पिन निघाली. निशानं जमिनीवर गोणपाट अंथरलं होतं, त्यावर ती मांडत गेली. काही बऱ्या होत्या. बऱ्याचशा नव्हत्या. आठ नंबरची, जिच्या भरवशावर हौसाबाई आणि त्यांची नात बसली होती, ती निघाली तेव्हा गोविंदा शिडीवरच थांबला. तीही मधे झिजून करंगळीएवढीच उरली होती. त्यानं ती निशाकडे न देता खाली उतरून शकूच्या हातात दिली.

शकूनं ती घेतली आणि उकिडवी बसली. तिचे खांदे हलत होते, पण रडण्याचा आवाज आला नाही.

काम संपलं. परवान्याची माणसं गेली. जमीन विकायची की ठेवायची, नाशिकवाल्यांना पुन्हा विचारायचं की हा पाळणाच कापून भंगारात घालायचा, यातलं काहीच त्या दिवशी ठरलं नाही. प्रफुल्लनं बिल्डरचा आलेला फोन कट केला आणि पुन्हा केला नाही, एवढंच उत्तरानं बघितलं. काम करणारी माणसं घोळक्यानं उभी होती, आणि सोमवारी यायचं का, हे विचारायचं धाडस कुणालाच होत नव्हतं.

गोविंदानं पाना पुसून जागेवर ठेवला. काळुरामांच्या पाया पडला. मग गेटकडे चालायला लागला.

"हाक मार त्याला," म्हातारा लेकीला म्हणाला.

"कुठल्या तोंडानं मारू, बाबा?"

"हायं त्याच तोंडानं मार. दुसरा कुठून आनशील?"

उत्तराची रिक्षा बाहेर उभी होती. ती बसली, रिक्षा वळली, स्टेशनच्या रस्त्याला लागली. थोडं पुढे गेल्यावर कडेनं चाललेला गोविंदा दिसला. मागे, बरंच मागे, अनवाणी, पदर खोचून, शकू जवळजवळ धावत येत होती. तिनं हाक मारली असावी, कारण गोविंदाचा वेग कमी झाला. तो थांबला मात्र नाही.

"थांबवू का मॅडम?" रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं. "ओळखीचे दिसतात."

"नको," उत्तरा म्हणाली. "चला तुम्ही."

पण ती पाठीमागे वळून बघत राहिली. शकू त्याच्याजवळ पोचली होती. तिनं हात जोडले नाहीत, वाट अडवली नाही. त्याच्या बाजूनं चालायला लागली. गोविंदा काहीतरी बोलला, रागानं, हातवारे करून. तिनं मान हलवली आणि चालत राहिली. मग रस्ता वळला.